डायलवर १६०, आत १८४

पोटापाण्यासाठी मी थर्मामीटर तपासतो. कारखान्यांतून, प्रयोगशाळांतून आलेले थर्मामीटर गरम टाकीत बुडवायचे, आमच्याकडच्या प्रमाण थर्मामीटरशी ताडून पाहायचे, फरक लिहायचा आणि खाली सही करायची. बावीस वर्षं हेच चाललंय. तपासल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. आणि त्याच मी घरच्या ओव्हनच्या डायलवर डोळे झाकून विश्वास ठेवून तीन चीजकेक घालवले. बायको ही गोष्ट येईल-जाईल त्याला सांगते, तेव्हा म्हटलं एकदा आपणच नीट लिहून टाकावी.

लेकीने वाढदिवसाला चीजकेक मागितला होता. "आणि बाबा, भाजलेला हं. जिलेटिन घालून फ्रीजमध्ये गोठवतात तो नको." हाताशी तीन आठवडे होते. मला वाटलं, यात काय एवढं? जेमतेम आठ जिन्नस, ओव्हनमध्ये ठेवायचं, घड्याळ लावायचं.

पहिला रंगीत तालीम म्हणून केला. १६० अंशांवर तासभर भाजला, सुरी खुपसली, ओली आली. आणखी वीस मिनिटं ठेवला. सुरी कोरडी आली तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. बाहेर काढला तेव्हा त्याचा छान घुमट झाला होता. दहा मिनिटांत घुमट बसला आणि बसता बसता मधोमध तडा गेला, पेन मावेल एवढा. हे अंदाजाने म्हणत नाही, लेकीने ठेवून पाहिलं. चवीला वाईट नव्हता, पण कडेचा भाग रवाळ आणि कोरडा, घशाशी अडकणारा.

फोटो ताईला पाठवला. ताई वर्षानुवर्षं घरी भाजते, मोजमाप न करता, आणि तिचं कधी काही बिघडत नाही, याचा मला लहानपणापासून राग आहे. तिचा लगेच फोन आला. "सुरी कशाला खुपसलीस? अरे, नुसतं नाव केक आहे त्याचं. हा केक नाहीच."

तिचं म्हणणं मला माझ्या भाषेत उतरवून घ्यावं लागलं, ते असं. साध्या केकला मैद्याचा सांगाडा असतो, त्यामुळे सुरी कोरडी आली की काम झालं. चीजकेकला सांगाडा नाही. चीज, साखर, सावर क्रीम आणि हे सगळं बांधून ठेवणारी अंडी. म्हणजे कस्टर्डच, फक्त दाट. साठ अंशांच्या पुढे अंड्यातली प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंतायला लागतात आणि त्यांचं जाळं होतं. पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं तोवर केक मऊ. उष्णता आणखी चढली की जाळं आवळतं आणि आतलं पाणी पिळून काढतं. जिभेला रवाळ लागतं ते हेच. वर गार होताना केक आकसतो. कडा टिनला चिकटलेल्या असतील तर तो ताण निघणार कुठून? मधून. थोडक्यात, सुरी कोरडी येईपर्यंत भाजायचं म्हणजे तडा जाईपर्यंत भाजायचं.

"मग कळायचं कसं, झालाय म्हणून?"

"टिनला हलका धक्का द्यायचा. कडेचा भाग गप्प बसला पाहिजे आणि मधला थुलथुलला पाहिजे. लाटा मात्र यायला नकोत."

थुलथुल आणि लाट यांतला फरक किती मिलिमीटरचा, असं मी विचारलं. तिने फोन ठेवला.

दुसऱ्या वेळी पाण्यात भाजायचं ठरवलं. मोठ्या ट्रेमध्ये कढत पाणी आणि त्यात टिन. ओव्हन कितीही तापला तरी पाणी शंभराच्या वर जात नाही, आणि वाफ निघून जाताना उष्णताही घेऊन जाते. कडा आणि मध्य यांच्यात फार तफावत पडत नाही ती त्यामुळे. कल्पना मला इतकी आवडली की मी बायकोला रात्री अकरा वाजता समजावून सांगितली. पण स्प्रिंगफॉर्म टिनचा तळ सुटा असतो आणि त्याच्या खाचेतून पाणी आत येऊ शकतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. फॉइल गुंडाळलं होतं, पण अरुंद पट्ट्या जोडून, आणि जोड नेमका पाण्याखाली. वरून केक सुरेख दिसत होता. कापल्यावर बिस्किटांचा थर चमच्याने उचलावा लागला. आता मी रुंद फॉइलचे दोन अखंड तुकडे घेतो, टिन मधोमध ठेवतो आणि कडा वर दुमडतो. टिनहून जरा मोठा, बिनजोडाचा गोल टिन मिळाला तर त्याहून बरं: स्प्रिंगफॉर्म त्यात ठेवायचा आणि तो पाण्यात. दोन टिनांमधली हवा थोडा वेळ खाते, पण तळ कोरडा राहतो.

तिसऱ्यात गुठळ्या राहिल्या. क्रीम चीज तासभर बाहेर ठेवलं होतं, बोटाला मऊ लागत होतं, म्हणून फेटलं. गार चीज साखरेबरोबर नीट मिळून येत नाही, आणि एकदा का अंडी पडून मिश्रण पातळ झालं की गुठळ्या त्यात पोहत राहतात, बीटरला सापडत नाहीत. मग मी त्या मोडायला मिक्सर जोरात फिरवला. तो दुसरा गुन्हा. अंड्यांनंतर जोरात फेटलं की हवा भरते, ती ओव्हनमध्ये फुगते आणि नंतर बसते, म्हणजे पुन्हा तडा. गेलाच. शिवाय पाण्यात भाजूनही वरची बाजू तपकिरी झाली होती आणि कडा अजूनही कोरड्या होत्या. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, तापमानही १६०. मी ओट्यापाशी उभा राहून अंड्यांना दोष देत होतो.

बायको म्हणाली, "तुझ्याकडे घरात एकही थर्मामीटर नाही का?"

माझ्या बॅगेत दोन होते.

त्यातल्या एकाचं टोक ओव्हनच्या मधल्या जाळीला बांधलं, वायर दारातून बाहेर काढली आणि डायल १६० वर ठेवून चाळीस मिनिटं स्टूल घेऊन समोर बसलो. ओव्हन कधी एका तापमानावर स्थिर नसतो. कॉइल पेटते, विझते, आकडा खालीवर होत राहतो. तो होणारच. पण आमच्या ओव्हनचा आकडा १७१ ते १९७ च्या मध्ये फिरत होता. सरासरी १८४. माझ्या प्रयोगशाळेत हे यंत्र आलं असतं तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवलं असतं. ओव्हनच्या दारावर मी आता कागद चिकटवलाय. आमच्या धंद्याच्या भाषेत चूक उणे २४ आणि दुरुस्ती अधिक २४ असं लिहायला हवं, पण चिन्हावरून घरात वाद नकोत म्हणून साधं लिहिलं: १६० हवं असेल तर १३६ वर लाव.

चौथा वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केला. आता प्रमाण सांगतो. २३ सेंटिमीटरच्या टिनला १८० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, ८५ ग्रॅम वितळलेलं बटर, चिमूटभर मीठ. पेल्याच्या बुडाने दाबून दहा मिनिटं भाजून घ्यायचं. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. वरच्या मिश्रणाला ९०० ग्रॅम क्रीम चीज, २५० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम सावर क्रीम, ४ अंडी, दोन छोटे चमचे व्हॅनिला, एका लिंबाची किसलेली साल. चीज वडीसारखं येतं ते, पूर्ण स्निग्धांशाचं. अमेरिकेच्या नियमानुसार क्रीम चीज म्हणवून घ्यायला किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांच्या आतच असावं लागतं. ब्रेडला लावायचं डब्यातलं मऊ चीज किंवा कमी स्निग्धांशाचं चीज घेतलं तर हे गणित बदलतं आणि केक सैल पडतो.

या वेळी चीजमध्ये थर्मामीटर घातला. तासाभराने बोटाला मऊ, आतून ११ अंश. म्हणजे बोट खोटं बोलत होतं. चौकोनी तुकडे करून पसरून ठेवले, आणखी तासाभरात २० च्या वर गेले. आधी चीज आणि साखर, मधूनमधून भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. काय जोर लावायचा तो इथेच लावायचा. मग सावर क्रीम, व्हॅनिला, लिंबाची साल. अंडी सर्वांत शेवटी, एकेक, मिक्सर सगळ्यात हळू, पिवळं दिसेनासं झालं की बंद. टिनमध्ये ओतल्यावर टिन ओट्यावर दोन-चारदा आपटायचा, बुडबुडे वर येतात.

पंचावन्न मिनिटांनी दार उघडलं. कडा बसल्या होत्या, मधला तळहाताएवढा भाग थुलथुलत होता. लाट नव्हती. ताईचं वाक्य तेव्हा समजलं, आणि तिने फोन का ठेवला तेही. मध्यात थर्मामीटर: ६५. इथे ओव्हन बंद करायचा. बघून अजिबात पटत नाही, कच्चाच वाटतो. पण आतली उष्णता अजून मध्याकडे सरकत असते, आकडा आणखी काही अंश चढतो. दारात लाकडी चमचा अडकवून तासभर तिथेच राहू दिला, बाहेर काढल्याबरोबर पातळ सुरी कडेने फिरवून सोडवला, पूर्ण निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवला. रात्रभर. स्निग्धांश गार होऊन घट्ट झाल्याशिवाय तो कापण्यालायक होत नाही. रात्री एक वाजता मी फ्रीज उघडून पाहिला, नुसता पाहिला, याला बायको साक्षीदार आहे.

मध्याची काळजी करणारा मी पहिला नाही, हे नंतर वाचनात आलं. रोमचा केटो, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, शेतीवर लिहिता लिहिता चीज, पीठ, मध आणि एका अंड्याचा असाच पदार्थ सांगतो. मातीच्या भांड्यात, वर झाकण घालून शिजवायचा, शेवटी मध आणि खसखस. त्यातही तो बजावतो की मधला भाग सर्वांत खोल असतो, तो नीट शिजलाय याकडे लक्ष दे. थर्मामीटर नसताना त्याने काय केलं असेल? बहुधा ताईसारखं भांडं हलवलं असेल.

सकाळी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, दर कापाला पुन्हा बुडवून आठ तुकडे केले. तडा नाही. आतून कडेपासून मध्यापर्यंत एकच रंग, एकच पोत. लेकीने वरून निरखून पाहिलं आणि विचारलं, "मधे हे भोक कसलं?"

"तपासणीचं," बायको म्हणाली. "आता खाली सही करेल."

भोकातून तडा जाऊ शकतो, हे ताईने मला नंतर सांगितलं. म्हणून गेल्या रविवारी पाचवा केला तेव्हा थर्मामीटर बॅगेतच ठेवायचं ठरवलं. चोपन्न मिनिटांनी टिनला धक्का दिला. कडा गप्प, मध्य थुलथुल. ओव्हन बंद केला, चमचा अडकवला, स्टूलवर बसलो. दोन मिनिटं बसलो. मग उठलो, बॅग उघडली आणि घातलाच. ६६.

भोकावर एक स्ट्रॉबेरी ठेवली.