अर्ध्या अंशासाठी एक्सआरडीची वाट

बेरियम टायटनेट या सिरॅमिकमध्ये लॅन्थेनम हे मूलद्रव्य घातल्यावर रचना आणि विद्युत गुणधर्म कसे बदलतात, हा माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट. पावडर घोटणं, ११०० अंश सेल्सिअसला भाजणं, पेलेट म्हणजे छोट्या चकत्या दाबणं, त्या १३५० अंशांना सिंटर करणं, म्हणजे भाजून घट्ट करणं, सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते एक्सआरडीपाशी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासण्यापाशी.

आमच्याकडे मशीन नाही, त्यामुळे नमुने बाहेरच्या एका संस्थेत पाठवले. फॉर्म, मॅडमची सही, विभागप्रमुखांची सही, आगाऊ पैसे, मग नुसती वाट. आणि हाती काय आलं? २० ते ८० अंशांच्या कोनांमधला भरधाव स्कॅन!

शुद्ध बेरियम टायटनेट खोलीच्या तापमानाला टेट्रॅगोनल असतं, म्हणजे स्फटिकाचा एक अक्ष दुसऱ्यापेक्षा जेमतेम एक टक्का लांब. म्हणून एक्सआरडीच्या आलेखात ४५ अंशांजवळ दोन शिखरं दिसतात, त्यांच्यात साधारण अर्ध्या अंशाचं अंतर. लॅन्थेनमचा आयन बेरियमपेक्षा लहान. तो बेरियमच्या जागी बसला की हा फरक घटतो आणि शिखरं जवळ येतात. माझा सगळा प्रोजेक्ट त्या अर्ध्या अंशात होता, आणि आलेखात तिथे एकच बोथट उंचवटा. शुद्ध नमुन्याचासुद्धा! म्हणजे खोट स्कॅनमध्येच होती.

विचारलं तर उत्तर आलं, ‘सगळ्यांना हाच प्रोग्राम. हवं तर नवा फॉर्म भरा.’ अजूनही आठवलं की डोकं तापतं. शेवटी मॅडमचं पत्र घेऊन स्वतः गेले. म्हटलं, पूर्ण स्कॅन नको, फक्त ४४ ते ४६.५ अंश चालवा, पण अगदी सावकाश. ऑपरेटर दादांनी लावून दिलं. पडद्यावर ती दोन शिखरं सुटी झालेली पाहिली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुम्ही पहिल्याच फॉर्मवर कोनाची मर्यादा, स्टेप (दोन नोंदींमधलं कोनाचं अंतर) आणि प्रत्येक स्टेपचा वेळ लिहून द्या.

हो, आणि लॅन्थेनम ऑक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं. वजन करण्याआधी ते ९०० ते १००० अंशांना तापवा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करा, नाहीतर प्रमाणच चुकेल.

विद्युत मोजमापं मात्र आनंदाची. लॅन्थेनम वाढवला तसं क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर टेट्रॅगोनल रचना टिकत नाही ते तापमान, १२० अंशांच्या आसपासवरून खाली सरकलं. ०.२ टक्के लॅन्थेनमची पेलेट भट्टीतून गडद निळी निघाली, चक्क अर्धवाहक. लॅन्थेनमच्या आयनावर बेरियमपेक्षा एक धन प्रभार जास्त; त्या जादा प्रभाराची भरपाई तिथे इलेक्ट्रॉन करतात. प्रमाण वाढलं की ते काम टायटेनियमच्या रिकाम्या जागा करतात, आणि पेलेट पुन्हा विद्युतरोधक होते. निळ्या पेलेटला चांदीची पेस्ट लावू नका, संपर्कापाशीच अडथळा तयार होतो. त्याऐवजी इंडियम-गॅलियमचा मिश्रधातू घासा.