बारावा हात कुठून आणायचा?

ब्रिजमध्ये फिनेस, म्हणजे समोरच्याचं मोठं पान अमुक बाजूला आहे असं धरून छोट्या पानाने हात मिळवणं, सगळ्यांना लवकर येतो. स्क्वीझचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला कामाचं पान टाकायला भाग पाडणाऱ्या कोंडीचं, नाव काढलं की मात्र बरेच जण "ते आपलं काम नव्हे" म्हणून मोकळे होतात. मीही कित्येक वर्षं त्याच गोटातला. मेंढीकोट आणि लाडीसवर वाढलेल्या माणसाला आपली मोठी पानं मोजता येतात. समोरच्याला त्याचं चांगलं पान टाकायला लावणं हे जादूचे प्रयोग वाटतात.

पुण्यातल्या आमच्या क्लबात एक निवृत्त काका आहेत. त्यांच्या मागेच लागलो. त्यांनी व्याख्या वगैरे सांगितली नाही, सरळ टेबलावर चारी बाजूंची पानं उघडी मांडली.

बोली सहा नो ट्रम्पची, म्हणजे हुकूम नाही आणि बारा हात हवेत. डमीकडे, म्हणजे माझ्या भिडूच्या उघड्या मांडलेल्या पानांत, इस्पिकचे एक्का-राजा-राणी-तिर्री, माझ्याकडे इस्पिकची तीन हलकी पानं. बदामात डमीचे एक्का-चौकी, माझ्याकडे गुलाम आणि दोन हलकी. चौकटचे तीन आणि किल्वरचे चार हात हक्काचे. एकूण अकरा.

"बारावा कुठून आणशील?"

"इस्पिक तीन-तीन वाटले गेले तर तिर्री होईल."

"३६ टक्के. चार-दोन वाटणी ४८ टक्के वेळा होते. मग?"

उतारी डावीकडून, बदामचा राजा. म्हणजे राणीही बहुधा तिथेच. मी एक्का लावणार तोच काका म्हणाले, "थांब. हा हात देऊन टाक."

स्लॅम, म्हणजे बारा-तेरा हातांची बोली, बोलायचा आणि पहिलाच हात सोडायचा! जिवावर येतं. पण सगळं गणित इथेच आहे. एक हात कधीतरी जाणारच, तर तो आताच द्यायचा. मग उरलेल्या बारापैकी अकरा आपले राहतात आणि प्रतिस्पर्ध्याजवळ शेवटी फेकायला फालतू पान उरत नाही. हा हिशोब जुळला नाही, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

दुसऱ्या हाताला डावीकडच्याने चौकट खेळला. तो मी एक्क्याने घेतला, चौकटच्याच राजाने डमीत गेलो. आता काकांनी बदामचा एक्का खेळायला लावला. हे तर उघडउघड वेड्यासारखं दिसतं, कारण त्याची राणी आता सर्वात मोठी झाली. याला व्हिएन्ना कू म्हणतात. नाव ब्रिजच्याही आधीचं, ब्रिजचा पूर्वज असलेल्या व्हिस्टच्या जमान्यातलं. माझा चेहरा बघून काकांनी एक्का तसाच ठेवून डाव पुढे खेळून दाखवला. शेवटी डावीकडच्याकडे चार इस्पिक आणि बदाम राणी, अशी पाच पानं आरामात राहिली. मग एक्का खेळला, त्याखाली राणी पडली, माझा गुलाम मोठा झाला. पण डमीत उरले नुसते इस्पिक आणि माझ्याकडे यायला वाटच नाही!

एक्का आधी खेळला की चित्र पालटतं. चौकटची राणी, मग किल्वरचे चार हात, शेवटचं किल्वर माझ्याकडून. ते पडतं तेव्हा त्याच्याकडे चार इस्पिक आणि बदाम राणी, आणि ठेवता येणार चारच. राणी टाकली तर माझा गुलाम, इस्पिक टाकला तर डमीची तिर्री. उजवीकडच्याकडे चार इस्पिक असले तर मात्र हे चालत नाही.

माझी भीती होती ती बावन्न पानं लक्षात ठेवण्याची. ती गरजच पडत नाही. बदाम राणी पडली का, एवढंच बघायचं. नसेल पडली, तर डोळे मिटून इस्पिक खेळायचे. घरी जाजमावर पत्ते मांडून हा शेवट इतक्यांदा खेळलो की घरच्यांनी चेष्टा सुरू केली. (२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्ण मिळवल्यापासून या खेळाला 'पत्ते कुटणं' म्हणत नाहीत, एवढंच.)

खऱ्या टेबलावर स्क्वीझ पहिल्यांदा जमला तो साध्या तीन नो ट्रम्पमध्ये, एका जादा हातासाठी. पेअर्समध्ये, म्हणजे जोड्यांच्या स्पर्धेत, तेवढ्यावरही गुण फिरतात. माझं शेवटचं पान पडल्यावर डावीकडच्या बाईंनी एक पान उचललं, परत ठेवलं, दुसरं उचललं, आणि भिडूकडे बघून म्हणाल्या, "आता मी काय टाकू?" भिडूने अर्थातच उत्तर दिलं नाही. सध्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना एकदम कोंडीत पकडणारा डबल स्क्वीझ काकांकडून शिकतोय.