खुर्चीवरची उशी

आज ६३ वर्षांच्या एका काकूंच्या मांड्यांच्या ताकदीची चाचणी घेतली. दोन्ही हात छातीशी दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं, बस. काकू ९ वेळा उठल्या. साठी ते चौसष्टीतल्या बायकांना १२ तरी जमायला हवं.

आणि त्यांना कुणीतरी रोज अर्धा तास जिने चढायला सांगितलं होतं! मांड्यांची ताकद कुणी बघितलीच नव्हती. फार वाईट वाटलं.

मग खुर्चीवर जाड उशी ठेवली, म्हणजे बैठक उंच होते. त्यावरून ८-८ वेळा उठायचं, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. सहज जमलं की उशी काढायची. चालणं आहेच, पण बोलता येईल इतक्याच वेगानं.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणार आहोत. काकूंनी तारीख आत्ताच लिहून घेतली.