सही खरी कशावरून?

१९७१च्या युद्धात पंचविशीत असलेला वैमानिक आज ऐंशीच्या घरात आहे. रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून १९७२ मध्ये दोन सहकाऱ्यांसह निसटलेले ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. लढाऊ वैमानिकांच्या सह्या जमवायच्या तर आत्ताच, हे त्या बातमीने ठरवून टाकलं. तोवर माझ्याकडे हवाई दलावरची टपाल तिकिटं आणि आर्मी पोस्टल सर्व्हिसची विशेष पाकिटं तेवढी होती.

आधी सोपा रस्ता धरला: विकत घ्यायची. एका विक्रेत्याने फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांच्या सहीचं पाकीट काढलं, वर शौर्यपदक विजेत्यांच्या मालिकेतलं त्यांचं तिकीट. सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. तिकीट २०००चं. सेखों श्रीनगरवरच्या हल्ल्याशी झुंजताना १४ डिसेंबर १९७१ला धारातीर्थी पडले. परमवीरचक्रच मुळी मरणोत्तर. मी पाकीट परत ठेवलं. प्रमाणपत्राचं काय, ते छापायला छापखाना पुरतो.

सगळे इतके बावळट नसतात म्हणा. म्हणून हुद्दा बघायचा. वीरचक्राची घोषणा राजपत्रात येते, तिथे त्या वेळचा हुद्दा सापडतो. वीरचक्राचे मानकरी ट्रेव्हर कीलर ३ सप्टेंबर १९६५ला नॅट या छोट्या लढाऊ विमानातून पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडले तेव्हा स्क्वाड्रन लीडर होते. पाकिटावर शिक्का १९६५चा आणि सहीखाली ‘विंग कमांडर’ असेल तर सही नंतरची. त्यात खोटं काही नाही. पण विकणारा ‘युद्धातच केलेली’ म्हणाला, की उठावं. पुढचं काम भिंगाचं: छापील सहीत ठिपके दिसतात, खऱ्या सहीत शाई कुठे दाट कुठे पातळ, आणि रेघेवर रेघ जाते तिथे कुठली आधी हे कधीकधी कळतं.

तरी हे सगळं संशय घेण्यापुरतं. खात्री हवी तर समोर बसून घ्यावी, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

वानवडीतल्या ओळखीच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांकरवी एका विंग कमांडरांना पत्र धाडलं: मी कोण, सही कशासाठी, आणि विकणार नाही. काही दिवसांनी त्यांचाच फोन आला, ‘रविवारी या, पण अकरानंतर.’

मी नॅटचा मोठा फोटो नेला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि सरकवून दिला. ‘हे माझं विमान नव्हे. मी हंटरवर होतो. दुसऱ्याच्या विमानावर कशी सही करू?’ काकू चहा घेऊन आल्या, तोवर माझ्या पिशवीतून हंटरचं पाकीट निघालं, नशीब! मग त्यांनी आतून लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, आणलं. महिन्याच्या शेवटी उड्डाणांची बेरीज, खाली फ्लाइट कमांडर आणि कमांडिंग ऑफिसरच्या सह्या, आणि त्यांची स्वतःची, डिसेंबर १९७१ची. मी विचारलं, ‘सर, एवढ्या सहीचा फोटो घेऊ?’ ‘आजूबाजूचं झाका,’ म्हणाले.

आजची सही थरथरत आली. जुनीशी ताडून पाहिली: अक्षरं आक्रसलीत, पण शेवटची वर फेकलेली रेघ तीच. हुद्दा, स्क्वाड्रन आणि तारीख त्यांनी आपणहून लिहिली, वर माझं नावही घातलं. नाव घातलं की बाजारात किंमत पडते, असं संग्राहक म्हणतात. पडू दे. कोणासाठी, कधी, कुठे हे वैमानिकाच्याच हस्ताक्षरात असेल तर आणखी कोणता पुरावा हवा? सही करतानाचा फोटो काकूंनी काढला, थोडा हललाय.

पाकीट आता ॲसिडमुक्त प्लास्टिकच्या कव्हरात आहे. लॉगबुकातल्या सहीचा फोटो आणि माझी नोंद वेगळ्या कागदावर. पाकिटाच्या पाठीवर पेन टेकवायचं नाही.

निघताना त्यांनी एका मित्राचा नंबर दिला. आताच्या बांगलादेशातल्या टांगाइलला ११ डिसेंबर १९७१ला छत्रीधारी सैनिक उतरवणाऱ्या विमानांपैकी एक चालवणारे. म्हणजे लढाऊ नव्हे, मालवाहू. माझ्या संग्रहात ते बसत नाहीत. पुढच्या आठवड्याची वेळ मात्र घेऊन ठेवलीय.