लिंबाच्या झाडामागचा सूर्य

सोलापुरातून बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला निघाले, की शहर मागे पडताच जमीन सपाट होत जाते आणि क्षितिज चारी बाजूंनी उघडे होते. बांधावर एखादे कडुलिंबाचे नाहीतर बाभळीचे झाड उभे असते, तेवढेच. सूर्योदयाची छायाचित्रे काढायला लागलो तेव्हा ही सपाटी मला उणीव वाटत असे. आज ती या भागाची देणगी वाटते, कारण येथे सूर्य थेट जमिनीतून वर येताना दिसतो.

सुरुवात मी घराजवळच्या हिप्परग्याच्या तलावापासून केली. पंचांगात सूर्योदयाची वेळ पाहून नेमका त्या वेळी पोहोचायचो आणि आकाशातला रंग उतरलेला असायचा. आपल्याकडे सूर्य दिसण्याच्या वीस-बावीस मिनिटे आधीपासून चांगले उजाडू लागते, आणि ढग असतील तर त्यांच्या पोटावरचा तांबूस रंग याच काळात येऊन निघून जातो. हे ध्यानात आल्यावर मी पाऊण तास आधी ट्रायपॉड लावून थांबू लागलो. संध्याकाळी याच्या उलट, सूर्य बुडाला म्हणून आवराआवर न करता पंधरा-वीस मिनिटे जागेवर राहावे लागते.

दुसरी अडचण सूर्याच्या आकाराची होती. डोळ्यांना ताटाएवढे दिसणारे बिंब माझ्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सच्या छायाचित्रात ठिपक्याएवढे येई. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, आणि सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, त्याची प्रतिमा फोकल लेंथच्या (लेन्सच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या) सुमारे शंभराव्या भागाएवढी उमटते. म्हणजे १८ मिलिमीटरला ती एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढीही भरत नाही, तर २५० मिलिमीटरला सव्वादोन मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणून मित्राची ५५-२५० लेन्स मागून आणली. मात्र लांब पल्ल्याच्या लेन्समधून सूर्याकडे पाहताना व्ह्यूफाइंडरला डोळा कधीही लावू नये, मागच्या पडद्यावरच पाहावे. डोळ्याला होणारी इजा कायमची असू शकते, म्हणून हे मी प्रत्येक नवशिक्याला आवर्जून सांगतो.

कॅमेऱ्याची बाकीची मांडणी लवकर बसली. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १००, एफ-८ च्या आसपास लेन्सचे छिद्र, एक्सपोजर (आत घ्यायचा प्रकाश) एक ते दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळणी) ऑटोवर न ठेवता डेलाइटवर, कारण ऑटोमध्ये कॅमेरा पहाटेचा केशरी रंग दोष समजून धुऊन टाकतो.

खरा कस लागला तो लिंबाच्या झाडापाशी. फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या सुमारास नान्नजजवळच्या एका बांधावरून मला पूर्वेला अर्ध्या किलोमीटरवर एकटे उभे असलेले झाड दिसले. एवढ्या अंतरावरून त्याचा डेरा सूर्यबिंबाहून थोडासाच मोठा भासत होता, आणि बिंब त्याच्या फांद्यांमागे आले तर काय दिसेल याची कल्पना करूनच मी हरखून गेलो. पण त्या सकाळी सूर्य झाडाच्या बराच उजवीकडे उगवला. बाजूला सरकावे तर दोन्हीकडे कणसाला आलेली मालदांडी उभी होती. शेताचे मालक लांबूनच म्हणाले, "दादा, बांधावरनं जावा, ज्वारीत पाय घालू नका." मी म्हणालो, "नाही मामा, येथूनच परत फिरतो."

परत फिरण्याआधी मी हात लांब करून झाड आणि सूर्य यांच्यामधले अंतर मुठीने मोजले. ते बरोबर एक मूठ भरले, म्हणजे सुमारे दहा अंश. या दिवसांत सूर्याची उगवण्याची जागा रोज साधारण ०.४ अंश उत्तरेकडे सरकते, जवळजवळ एका बिंबाएवढी. त्या हिशेबाने पंचवीस दिवस धरले आणि मार्च उजाडल्यावर पुन्हा गेलो. ज्वारी निघाली होती, कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या, आणि मामांनी या खेपेला स्वतःच वाट दाखवली.

हिशेब बरोबर असूनही छायाचित्र हुकले. मार्चमध्ये क्षितिजालगत धुळीचा जाड थर असतो. त्यातून बिंब बाहेर पडेपर्यंत ते दोन अंश वर चढलेले असते. आणि सूर्य आपल्याकडे सरळ वर चढत नाही, तर दक्षिणेकडे कलत चढतो. दोन अंश वर येईपर्यंत तो पाऊण अंशाच्या आतबाहेर उजवीकडे गेला आणि झाडाच्या डेऱ्यातून निसटून बाजूच्या मोकळ्या आकाशात उभा राहिला. तेथेच बसून मी आकृती काढली. सूर्य डावीकडे उगवेल असा दिवस हवा होता, म्हणजे चढता चढता तो झाडामागे येईल. आणि उगवतीची जागा तर रोज डावीकडेच सरकत होती. दोन दिवसांनी यावे, एवढेच उत्तर निघाले.

दोन दिवसांनी साडेसहाच्या पुढे धुळीतून आधी एक फिकट लाल कड दिसली. धुळीमुळे तेज इतके मंद होते की बिंबाची गोलाई स्वच्छ कळत होती. ते हळूहळू उजवीकडे सरकत झाडात शिरले, आणि काही क्षण लिंबाची एकेक डहाळी, तिच्यावरची कोवळी पालवीसुद्धा, लाल वर्तुळात वेगळी उठून दिसली. मी तेवढ्यात अकरा छायाचित्रे घेतली. मामा मागे उभे होते. "सूर्याच्या फोटूला एवढ्या लांब थांबायला लागतंय व्हय?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. जवळ गेलो असतो तर झाड मोठे झाले असते आणि सूर्य मात्र तेवढाच राहिला असता, हे त्यांना लगेच पटले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दक्षिणेकडे परतताना पुन्हा याच झाडामागून जाईल. तेव्हा पावसाने हवा धुतलेली असेल, बिंब क्षितिजापासूनच दिसेल आणि म्हणून दिवस थोडा वेगळा धरावा लागेल. माझ्या आकृतीप्रमाणे तो सहा तारखेच्या आसपास येतो. पेरणी झालेली असेल, तेव्हा बांधावरूनच काढायचे, असे मामांना सांगून ठेवले आहे.