मिरचीचा तोडा

मिरची लावणाऱ्याला दोनदा धीर धरावा लागतो. पहिला, बी रुजेपर्यंतचा, तसा सोपा. मातीत २५ ते ३० अंशांची ऊब असली की आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो. गारठ्यात पेरलं तर बी खुशाल आठवडेच्या आठवडे पडून राहतं. दुसरा धीर अवघड. झाडाला हिरव्यागार मिरच्या लटकलेल्या आहेत, हात शिवशिवतोय, आणि त्या लाल होऊ द्यायच्या आहेत. माझ्याच्यानं हे क्वचितच होतं.

बरं, हात आखडता न घेण्यात झाडाचं नुकसान नाही, उलट फायदा आपलाच. हिरवी मिरची म्हणजे कच्चं फळ. ती पिकून लाल झाली, आतलं बी तयार झालं, की झाडाच्या लेखी मुद्द्याचं काम झालं. नव्या फुलांचा उत्साह ओसरतो. हिरवीच तोडली की ते पुन्हा फुलोऱ्यावर येतं. म्हणजे प्रत्येक तोडा ही एक छोटी फसवणूक आहे. बिचारं झाड वंश वाढवायला धडपडतंय आणि आपण दर आठवड्याला त्याचा डाव मोडतोय.

फुलांच्या लहरीपणातून मात्र ते पुरेपूर वसुली करतं. दिवसा ऊन ३५ अंशांच्या वर गेलं, रात्रही उकाड्याची असली, की फुलं देठासकट टपाटप गळतात. नत्राचं खत जास्त झालं तर पानांचा नुसता डेरेदार पसारा, मिरची औषधालाही नाही. पानं वळून आक्रसली तर जाणकार ‘बोकड्या’ म्हणतात आणि पानामागचे फुलकिडे, कोळी, पांढरी माशी शोधायला लावतात. त्यांच्या ओळखीसाठी एक भिंग घरात असावं, आणि ते हाती आलं की संध्याकाळ कशी गेली कळत नाही.

तोडताना ओढू नये. मिरचीची फांदी ठिसूळ असते, मिरचीबरोबर चार कळ्यांसकट तीच हातात येते. कात्रीनं देठ ठेवून कापावी. एकाच झाडाच्या, एकाच तोड्यातल्या मिरच्याही सारख्या तिखट नसतात. कुंडीला पाण्याचा ताण बसलेला असेल तर त्या बहुधा जास्त झणझणतात. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधनिर्मात्यानं तिखटपणा मोजायची रीत काढली, ती मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायची, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. मला त्या चाखणाऱ्यांची फार काळजी वाटते.

आणि हे तिखट बियांत नसतं. बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढरट गाभ्यात कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तयार होतं; बियांना ते नुसतं लागलेलं असतं. आपल्या जिभेतला जो ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, ४३ अंशांपुढच्या उष्णतेनं जागा होतो, तोच कॅप्सेसिननंही जागा होतो, म्हणून तोंड शब्दशः भाजल्यासारखं होतं. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या चमूनं हा ग्राहक १९९७ मध्ये शोधला. त्यांना २०२१ मध्ये विभागून मिळालेल्या नोबेलमागे हे काम होतं. पक्ष्यांवर मात्र कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही. ते लाल मिरची मजेत खातात, बी न चावता गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. दाढांनी बी भरडणाऱ्या सस्तन प्राण्यांना दूर ठेवायची मिरचीची ही सोय. त्या सगळ्या प्राण्यांतून नेमका माणूस तिखटासाठीच तिच्या मागे लागला, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

हिशेब ती हातावर चुकता करते, एवढं खरं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे मिरच्या चिरून झाल्यावर नुसत्या पाण्याखाली हात धरून भागत नाही; आधी तेल चोळावं, मग साबण. डोळ्याला हात तोवर लावू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि डोळा नेमका तेव्हाच खाजतो.

बियांसाठी म्हणून एखादी मिरची तरी झाडावर लाल होऊ द्यावी लागतेच. शेजारच्या कुंडीत भोपळी मिरची असेल तर मधमाशा दोघींची सरमिसळ करून टाकतात. यंदाच्या फळाला त्यानं काही होत नाही, भोपळी मिरची अचानक तिखट होत नाही. फरक पडतो तो बियांतून येणाऱ्या पुढच्या पिढीत. यंदा मी दोन्ही कुंड्या मुद्दाम जवळजवळ ठेवल्या आहेत.