ट्यूबच्या घड्याळाचा दीड व्होल्ट

चार आयव्ही-११ ट्यूबचं, म्हणजे एकेक उजळणारा आकडा दाखवणाऱ्या काचेच्या नळ्यांचं, घड्याळ करायला घेतलं तेव्हा जो तो मला २५ व्होल्टचीच काळजी घ्यायला सांगत होता, खरं तर त्यात काही अवघड नाही, पाच व्होल्टच्या मोबाईल चार्जरला एमटी३६०८ चं छोटं बूस्ट मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा बोर्ड, जोडलं आणि त्याचा पॉट, म्हणजे बारका स्क्रू, फिरवला की २८ पर्यंत जाता येतं, निक्सी नावाच्या जुन्या आकड्यांच्या ट्यूबसारखे १७० व्होल्ट लागतच नाहीत. जीव खाल्ला तो फिलामेंटच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेच्या, दीड व्होल्टने.

जुन्या व्हीसीआरवर, टेप डेकवर ते निळसर हिरवे आकडे असायचे ना, तीच ही जात. सात सेगमेंटची अशी पहिली ट्यूब जपानच्या इसे इलेक्ट्रॉनिक्सने १९६७ च्या सुमारास काढली, माझ्या मात्र सोव्हिएत काळातल्या आहेत. काचेच्या आत समोर केसाहून बारीक तारा, त्यामागे जाळी म्हणजे ग्रिड, आणि त्यामागे फॉस्फर म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारा लेप लावलेले सेगमेंट, म्हणजे आकड्याच्या रेघा. तार तापली की इलेक्ट्रॉन सुटतात, ग्रिड आणि सेगमेंट दोन्हीला २५ व्होल्ट मिळाले की ते तिकडे धावतात आणि सेगमेंट उजळतो. ऑनलाइन मागवलेल्या पाचपैकी एका ट्यूबमधला आरशासारखा चकाकणारा डाग पांढरा पडलेला होता, म्हणजे आत हवा शिरलेली, ती बादच.

तर फिलामेंटला दीड व्होल्ट आणि साधारण १०० मिलिअँपिअर लागतात. मी आधी चारही सिरीजमध्ये जोडल्या, ६ व्होल्टवर, करंट एकदाच द्यावा लागतो म्हणून बरं वाटलं. पण पहिली ट्यूब लख्ख आणि चौथी मंद! कारण चौथीची तार मुळातच साडेचार ते सहा व्होल्टवर बसलेली, म्हणजे तिच्या सेगमेंटला प्रत्यक्षात २० च्या आसपासच मिळतात, आणि उजेड व्होल्टेजबरोबर झपाट्याने बदलतो.

मग पॅरलल केल्या, प्रत्येकीला स्वतःचा ३५ ओहमच्या जवळपासचा रेझिस्टर, पाचातून दीड गेले साडेतीन, भागिले ०.१. थंड तारेचा रेझिस्टन्स खूप कमी असतो त्यामुळे चालू करताना करंट उसळतो, तोही हा रेझिस्टर आवरतो. उजेड सारखा झाला पण आता घोस्टिंग सुरू. चारही ट्यूबचे सेगमेंट एकत्र जोडलेले असतात आणि प्रोग्रॅम एकेका ट्यूबची ग्रिड पाळीपाळीने भराभर चालू करतो, त्यात बंद ट्यूबही थोडी उजळत होती. १२:०८ वाजले की २ च्या मागे शेजारच्या आकड्याची पुसट सावली दिसायची. दोन रात्री मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो, आकडे बदलताना मध्ये गॅप टाकून पाहिली, थोडा फरक पडला पण सावली हटेना.

चूक रेझिस्टरच्या जागेत होती. मी तो पाच व्होल्टच्या बाजूला लावला होता, म्हणजे तारेचं दुसरं टोक थेट ग्राउंडला. बंद ग्रिडसुद्धा शून्यावर आणि तारही शून्यावर, मग तापलेले इलेक्ट्रॉन स्वतःच्या वेगानेच थोडे निसटतात आणि मागून सेगमेंट ओढतोच. रेझिस्टर उचलून ग्राउंडच्या बाजूला लावला, बस्स. आता तार साडेतीन ते पाच व्होल्टवर तरंगते, बंद ग्रिड शून्यावरच, म्हणजे तारेच्या मानाने उणे साडेतीन, आणि सावली एका झटक्यात गायब. मला तर इतका आनंद झाला की बायकोला उठवून दाखवलं. तार वर गेल्यामुळे जे तीन-चार व्होल्ट कमी झाले ते बूस्ट २८ वर नेऊन भरून काढले.

ग्रिड आणि सेगमेंट मॅक्स६९२१ हा ड्रायव्हर आयसी चालवतो, २० आउटपुट आहेत, चार ग्रिड आणि सात सेगमेंटला पुरून उरतात, आणि बंद आउटपुट नीट शून्यावर ओढतो म्हणून त्यासाठी वेगळे पुलडाउन रेझिस्टर लावावे लागले नाहीत.

एक तोटा आहेच, दोन वॅटपैकी १.४ वॅट नुसते रेझिस्टर तापवण्यात जातात, त्यामुळे पाव वॅटचे अजिबात लावू नका, मी एक वॅटचे पुण्यात पासोड्या विठोबाच्या इथल्या दुकानातून आणले आणि बोर्डापासून जरा उचलून सोल्डर केले. आयव्ही-१८ सारखी लांब ट्यूब असेल तर मात्र फिलामेंटला एसीच द्या, डीसीवर एका टोकाचे आकडे जास्त उजळ दिसतात, व्हीसीआरच्या ट्रान्सफॉर्मरला फिलामेंटसाठी वेगळं वाइंडिंग असायचं ते त्याचसाठी.

आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा खोलीत पूर्ण अंधार करा, २५ व्होल्ट काढून ठेवा आणि काचेला डोळा लावून तार बघा. काहीच दिसलं नाही किंवा अगदी जेमतेम लालसर वाटली तर ठीक, केशरी दिसली तर लगेच बंद करा.